फर्स्ट इयरचा लमसेना

बाबा, तुमचा नातू नागपूरला कॉलेजात गेला. फर्स्ट इयर आर्ट्स. तुम्ही गेलात तेव्हा तो जन्मलाही नव्हता, म्हणून नातू म्हणजे कोणता ते सांगतो: माझा थोरला. अंगानं तुमच्यावर गेला आहे, बोलण्यात माझ्यावर, आणि हट्टात कोणावर गेला याबद्दल तुमच्या सुनेचं जे मत आहे ते मी इथं लिहीत नाही. समोर होतात तेव्हा मी तुम्हाला 'तू' म्हणायचो. कागदावर 'तुम्ही' उतरलं. खोडून पुन्हा लिहिलं तरी 'तुम्ही'च आलं, तेव्हा राहू द्या. लिहायचं कारण असं की या एका विषयात सल्ला विचारावा असा दुसरा माणूस मला माहीत नाही. फुकट मिळालेल्या भातामागं काय असतं, ते तुमच्याइतकं कोणाला कळलेलं मी पाहिलं नाही.

आता नव्या पोरांना लमसेना म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. ज्याच्या घरी नवरीसाठी द्यायला काही नाही तो मुलगा सासऱ्याच्या घरी जाऊन राहतो, नांगर धरतो, ढोरं राखतो, लाकडं फोडतो, आणि ठरलेली वर्षं भरली की मग पोरगी त्याला देतात. तुम्ही तसे आईच्या गावी आलात आणि बैलांच्या शेजारी झोपून वर्षं काढलीत. हे मला तुम्ही एकदाच सांगितलं, पण नीट सांगितलं. चैताची सकाळ आहे, सालेकसाच्या रानात मोहाच्या झाडाखाली आपण फुलं वेचतो आहोत, टोपली माझ्याकडे आहे. "पयल्या दिवशी कोणी काम नाई सांगत," तुम्ही म्हणता. "पयल्या दिवशी म्हणतेत, आपलाच पोरगा होय. मंग पोरगी पाणी आणून देते. तू पाणी पेते का तिच्याकडे पायते, हे बुढी चुलीपासून पायते. आन् मंग कोणीतरी तुह्या हातात कुऱ्हाड देते. सहज देते, जशी का तूच मांगतली होती." मी विचारतो, "मंग तू पळून काऊन नाई गेला?" तुम्ही हातातलं फूल फुंकून टोपलीत टाकता. "कुठी पळू? माह्या घरी खानारे गंज होते, खाले काई नोयतं."

पुढं तेंदूपानाच्या दिवसांत कंत्राटदाराच्या मुनशीनं मला जिलेबी दिली. तुम्ही माझ्या हातातली उरलेली अर्धी काढून त्याच्या चटईवर परत ठेवलीत, सगळ्यांसमोर. तो म्हणाला, "अरे, बच्चा है, खाने दो." तुम्ही त्याला उत्तर दिलं नाहीत, मला दिलंत. "खाल्ली तेवढी खाल्ली. उद्या हा तुले बलावते. गेला तं तंगडं मोडीन." दुसऱ्या दिवशी त्यानं खरंच बोलावलं, त्याची पेटी डोक्यावर घेऊन स्टेशनापर्यंत जायचं होतं. मी गेलो नाही. त्या दिवसापासून तुमचा शब्द मी कधी तपासून पाहिला नाही. बाकी सगळ्यांचे पाहिले.

माझं शिक्षण तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही आमगावच्या बाजारातून अंकलिपी आणलीत, तिची पुढची पानं फाटलेली होती, म्हणून मी मुळाक्षरं मधूनच सुरू केली. इंग्रजी शिकलो ते सालेकसाच्या स्टेशनात उभ्या असलेल्या मालडब्यांवरून आणि स्टेशनमास्तरांकडच्या जुन्या पेपरांवरून. मास्तर पेपर देत, तेव्हा तुम्ही म्हणालात, "बाबू रद्दी काऊन देऊन राहिला तुले? वाच आन् वापस कर. एक पान ठेवू नोको." मी ती तारीखवार लावून, घडी न मोडता परत करायचो. आज मी गोंदियाच्या एका तांदळाच्या मिलमध्ये पारखी आहे. पोत्याच्या पोटात पोकळ नळी खुपसायची, आतला तांदूळ तळहातावर घ्यायचा आणि सांगायचं, हा कोणता, किती जुना, त्यात काय मिसळलं आहे. पोत्याच्या तोंडाशी नेहमी चांगलाच माल असतो. शेठ बी.ए. आहे, पण तांदळाबद्दल बोलायचं असलं की तो माझ्या तोंडाकडे पाहतो. हे मी फुशारकीनं सांगत नाही. बरं, थोडं फुशारकीनं सांगतो.

तर मुलगा मॅट्रिक झाला. तेही चांगल्या तऱ्हेनं. कॉलेजात नाव दाखल झालं, पण होस्टेलात जागा नाही असं उत्तर आलं. त्याच आठवड्यात ते स्टेशनमास्तर मिलमध्ये हजर. आता रिटायर होऊन नागपूरला स्वतःचं घर बांधून राहतात. जन्म रेल्वेत गेल्यामुळे बोलणं निम्मं हिंदी. चहा घेतला, माझ्या मुलाला बोलावून त्याच्याशी बाहेर आंब्याखाली उभं राहून काहीतरी बोलले, आणि आत येऊन मला म्हणाले, "होस्टेल की क्या ज़रूरत? आमच्याकडे राहील. खोली रिकामी पडली आहे. और देखो, देण्याघेण्याची बात मत करना, मला राग येईल." मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. बाबा, माणसाला भाडं मागितल्यावर राग येतो हे समजतं, भाडं देऊ केल्यावर कायले राग यावा?

घरी येऊन तुमच्या सुनेला सांगितलं, तर ती देवापुढं गूळ ठेवायला उठली. मी म्हटलं, "थांब. त्याच्या घरी लग्नाची पोरगी आहे काय, ते आधी विचारू."

"आपल्या पोराले पोरगी देतेत काय ते?" ती म्हणाली. "स्टेशनमास्तर होय तो. तुमाले तं परसादातही खडाच दिसते."

"जातीबाहेर नाही देत हे मलाही कळते. पण आश्रित असली, अंगात काही खोड असली, विधवा असली..."

"मंग पाहून या. नळी घेऊन जा संग."

मुलगा तिथंच पेटी बांधत होता. तो हसला नाही, याची मी तेव्हाच नोंद घेतली.

सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. धान्यावर कंट्रोलचे दिवस, म्हणून चिन्नोर तांदूळ नेता येतो तेवढाच घेतला, मूठभरही जास्त नाही. उद्या कोणी बोट दाखवायला नको. घर सीताबर्डीच्या मागं, कौलारू, पुढं पडवी. मास्तरांच्या बाई दारातच उभ्या. "या, या. आपलंच घर समजा. आणि हा? हा तर आता आपलाच मुलगा." बाबा, माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. जोडे काढतो न काढतो तोच आतून एक मुलगी तांब्या-भांडं घेऊन आली. सोळा-सतरा वर्षांची, मास्तरांची नात. मला आधी दिलं, मग मुलाला. मुलगा पाणी प्यायला, खाली मान घालून. मी स्वयंपाकघराकडे पाहिलं, तर एवढ्यात आत गेलेल्या बाई चुलीपासून पाहत होत्या. त्यांची माझी नजर भेटली, तेव्हा त्या फुंकणी शोधायला लागल्या.

मी खोली पाहिली. खोली पडवीच्या टोकाला, दार वेगळं, टेबल, कंदील, खिडकीला गज. कडी आतूनही होती आणि बाहेरूनही. बाहेरची कडी नवी होती. मी ती लावून-काढून पाहिली. मास्तर म्हणाले, "क्या देख रहे हो? चोराचं भय आहे इकडे." मी म्हटलं, चांगली आहे. आणि मागं वळतो तर काय, अंगणात माझा मुलगा हातात कुऱ्हाड घेऊन उभा. बाई सांगत होत्या, "एवढी दोन लाकडं फोडून दे रे बाळा, गडी आज आलाच नाही मेला." आणि त्यानं सदरा काढून ठेवला, कॉलेजसाठी शिवलेला नवा सदरा, आणि फोडायला लागला. चांगली फोडत होता. सालेकसाचं रक्त, फोडणारच. मोहाखाली तुम्ही सांगितलेलं जसंच्या तसं माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं, फक्त नांगर तेवढा नव्हता.

जेवायला बसलो. भात बरा होता, डाळीत मीठ कमी. मी दोन घास घेऊन हात धुतला. मग मी बाहेरच्या बैठकीत मास्तरांसमोर बसलो आणि विचारलं. आडून विचारणं मला जमत नाही, तुम्हालाही जमायचं नाही. म्हटलं, "साहेब, राग येईल तर येऊ द्या. तुम्ही सालेकसाला वर्षं काढली आहेत, आमच्याकडे लमसेना ठेवतात ते तुम्हाला माहीत आहे. माझा पोरगा तुम्ही कायले ठेवून राहिले?"

मास्तरांनी चष्मा काढला. कानापर्यंत लाल झाले. स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ बाईंचं हसणं. हसता हसता त्यांना खोकला लागला. त्या पडद्यातून बाहेर यायच्या आधी ती नातच बाहेर आली, हात उष्टे तसेच.

"काका," ती म्हणाली, "मला लग्न करायचं असतं तर मी फर्स्ट इयरला नाव कशाला घातलं असतं?"

"तू?"

"हो, मी. तुमच्या मुलाच्याच वर्गात."

"आता सांगून टाका हो त्यांना," बाई पदरानं डोळे पुसत मास्तरांना म्हणाल्या. "माणूस जेवलासुद्धा नाही."

मग निघालं ते असं. नातीला कॉलेजात जायचं होतं, आजोबा तयार, आजी तयार नव्हती. आजीची अट, एकटी जाणार नाही. जाता-येता घरचं माणूस हवं. मास्तरांचे पाय आता चालत नाहीत. मुलीचे आईबाप नाहीत. गल्लीतली पोरं कशी आहेत ते बाईंना पाठ होतं, एकेकाचं त्यांनी मला खिडकीतून दाखवून सांगितलं: हा सिगरेट ओढतो, त्याचा भाऊ नाटकात बायकांची कामं करतो, आणि त्या तिसऱ्याच्या आईचंच लक्षण बरं नाही. बाबा, मी त्या बाईंकडे आदरानं पाहिलं. तुम्ही असतात तर तुम्हीही पाहिलं असतं. मास्तरांना तेव्हा माझी आठवण झाली. "सालेकसाचा तो पोरगा, जो रद्दीसुद्धा वापस करायचा, तारीखवार," ते म्हणाले. "मी हिला म्हटलं, त्याचा मुलगा आणू. उससे ज़्यादा शक्की आदमी मैंने नहीं देखा. त्याच्या घरातला मुलगा बिघडणार कसा?"

म्हणजे पोत्याच्या पोटात काहीतरी होतंच. मी चुकलो नव्हतो. माल वेगळा निघाला, एवढंच. मी म्हटलं, "हे तुम्ही गोंदियाला काऊन नाही सांगितलं?"

मास्तरांनी अंगणाकडे पाहिलं. उत्तर माझ्या मुलानं दिलं, अंगणाच्या पायरीवरून. "मला सांगितलं होतं, बाबा. आंब्याखाली. मीच म्हटलं, तुमाले सांगू नका."

"कायले?"

"तुम्ही पाठवलं नसतं."

मी उठलो आणि त्याची पेटी उचलली. म्हटलं, चल. संध्याकाळची गाडी आहे. मिलमध्ये तुला लावतो, पारख शिकवतो, मला कॉलेजानं शिकवलं नाही तरी माझं काही अडलं नाही. तो उठला नाही. कुऱ्हाड भिंतीला टेकवून ठेवली, सदरा अंगात घातला, एकेक बुताम लावलं आणि म्हणाला, "तुमचं नाही अडलं. मी इथंच राहून राहिलो." हे एवढंच. तुम्ही मला तंगडं मोडीन म्हणाला होतात तेव्हा तुमच्या तोंडात जो आवाज होता, तो त्याच्या तोंडात होता. पेटी माझ्या हातात आणि सगळे माझ्याकडे पाहत. ती मुलगी तर अशी पाहत होती, जसं काही मी पेटी नेली तर तिचंही कॉलेज त्याच पेटीतून जाणार होतं. आणि तसंच होतं. आजीनं आधीच सांगून ठेवलं होतं, हा नाही तर कोणीच नाही.

मी पेटी खाली ठेवली. पण अशीच नाही ठेवली, बोलून ठेवली. म्हटलं, "तो तुमचा मुलगा नाही. 'आपलाच' हा शब्द या घरात त्याच्यासाठी वापरायचा नाही. तो कामावर आहे. जायचं आणि यायचं, हे काम. त्याबद्दल ही खोली आणि जेवण. लाकडं फोडणं त्यात नाही."

"बरं," मास्तर म्हणाले. "मंज़ूर."

"बाहेरची कडी काढायची."

"काढतो."

"आणि जेवायला वाढताना त्याला काय म्हणू?" बाईंनी विचारलं. चेहरा अगदी गंभीर, पण बाई लबाड आहे, मला कळलं.

"काही म्हणू नका. वाढा."

रात्री मी पडवीत झोपलो. दुसऱ्या दिवशी कॉलेजचा पहिला दिवस. मी स्टेशनाकडे जातो म्हणून निघालो आणि कोपऱ्यावर थांबलो. काम कसं होतं ते पाहिल्याशिवाय मी गोंदियाला कसा जाणार? मुलगी पुढं, छत्री आणि पुस्तकं घेऊन. मुलगा मागं, बरंच अंतर ठेवून, ताठ, जसा काही सरकारी हुकूम पोचवायला निघाला आहे. त्याच्या मागं मी. असे आम्ही तिघं कॉलेजच्या फाटकापर्यंत गेलो. तिथं वरच्या वर्गाची पोरं कठड्यावर बसली होती, आणि कोणीही नवं दिसलं की ओरडत होती, "फर्स्ट इयर! फर्स्ट इयर आलं हो!" माझ्या मुलाकडे पाहून एक जण म्हणाला, "अरे, ये तो बाई का चपरासी है!" दुसरा म्हणाला, "चपराशी नाही, पाळलेला आहे. घरचा दिसतो." सगळे हसले. मुलाचे कान मागूनसुद्धा मला लाल दिसले. माझी मूठ वळली. पण बाबा, त्या पोरांचं बोलणं मला नवं नव्हतं. मी आदल्या दिवशी बैठकीत बसून सभ्य शब्दांत तेच बोललो होतो.

मुलगी थांबली. वळली. फाटकात, सगळ्यांसमोर उभी राहिली आणि तो जवळ येईपर्यंत हलली नाही. "मागं नको चालूस," ती त्याला म्हणाली, मोठ्यानं, त्या पोरांना ऐकू जाईल अशा बेतानं. "नोकर वाटतोस. बरोबर चाल. आणि ही छत्री तुझी तू धर, मी काही तुझं ओझं वाहणार नाही." छत्री तिचीच होती. मुलगा गोंधळला, मग हसला. गोंदिया सोडल्यापासून मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं. दोघं बरोबर आत गेले. कठड्यावरची पोरं पुढच्या नव्याकडे वळली.

मी तिथंच उभा. ही चांगुलपणाची गोष्ट झाली, का तुम्ही सांगितलेल्या खुणांपुढची एखादी खूण झाली, जी मला सांगायची तुमच्याकडून राहून गेली? एखाद्या पोरानं आपण होऊन राहावं यासाठी कुऱ्हाडीपेक्षा हे जास्त उपयोगी पडतं, एवढं मला समजतं. फाटकावरच्या दरवानानं विचारलं, "किससे मिलना है?" मी म्हटलं, कोणाशी नाही. तो म्हणाला, "तो फिर हटिए, रास्ता छोड़िए." त्याचं बरोबर होतं. मागून दोन प्रोफेसर सायकली ढकलत येत होते आणि मी अगदी मधोमध उभा होतो. आत वर्ग भरल्याची घंटा झाली. आत काय शिकवतात, कसं शिकवतात, एकदा मागच्या बाकावर बसून पाहावं असं मनात आलं. त्याच इच्छेचा मला संशय आला, म्हणून मी स्टेशनाकडे निघालो.

आता महिना झाला. मुलाची कार्डं येतात, अक्षर सुवाच्य, मजकूर थोडा. कडी काढली म्हणून लिहितो. लाकडांबद्दल काही लिहीत नाही, म्हणजे फोडतच असणार. मी दिवाळीला जाऊन पाहीन. तुमची सून म्हणते, पाहून काय करणार, पोरगा खुश आहे. तिला मी सांगितलं, खुश आहे हेच मला खटकतं.

आणि हे शेवटचं, बाबा. मिलमध्ये, स्टेशनात, बाजारात, जो भेटतो तो विचारतो, पोरगा नागपूरला कुठं उतरवला? मी सांगतो, होस्टेलात. शेठलाही तेच सांगितलं. कोणाच्या घरी राहतो म्हटलं की आपल्या भागातला माणूस काय समजेल ते मला माहीत आहे, आणि तो शब्द माझ्या मुलाच्या पाठीमागं कोणी उच्चारलेला मला चालणार नाही. तुमच्या पाठीमागं उच्चारत होते तो मी ऐकलेला आहे. आजपर्यंत एका दाण्याचं खोटं मी बोललो नव्हतो, आता रोज बोलतो. तो खरोखर कुठं आहे ते तुमच्याखेरीज मी कोणाला लिहिलेलं नाही. आणि तुम्हाला लिहिलं, ते तुम्हाला अक्षर ओळखता येत नव्हतं, ही खात्री असल्यामुळेच.